तो राजा नव्हता, सेनापती होता

मा. संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत चीनच्या टूरवरचा लेख आला होता, हांगझोऊ शहर, वेस्ट लेक, बोटीतली सैर, चहा वगैरे. लेख चांगला होता, फोटो तर खूपच छान. पण एका फोटोखाली ओळ होती, "युए राजाचं मंदिर, इथे पर्यटक पुतळ्यांवर थुंकतात". बस, एवढीच ओळ आणि पुढे लगेच शॉपिंग कुठे करायचं ते. ती ओळ वाचून मला दोन दिवस चैन पडलं नाही, शेवटी म्हटलं लिहूनच टाकू, छापा किंवा नका छापू पण कुणीतरी सांगायला पाहिजे.

मी इचलकरंजीचा, लूमचे पार्ट आणणं आणि थोडा कापडाचा धंदा. त्यामुळे शाओशिंगजवळ कछियाओ म्हणून कापडाचं मोठं मार्केट आहे तिथे माझं बरेच वर्षं जाणं येणं आहे, आपल्या भागातले बरेच लोक तिथे जातात, काही यीवूला जातात. हांगझोऊ तिथून जवळच. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही पण या एका जागेवर मी पाच वेळा गेलोय आणि दर वेळी कुणाला तरी धरून एकेक पाटी वाचून घेतलीय, त्यामुळे जे लिहितोय ते उगाच ऐकीव नाही.

पहिली गोष्ट, तो राजा नव्हता. दरवाजावर "युए वांग म्याओ" लिहिलंय, वांग म्हणजे राजा आणि म्याओ म्हणजे देऊळ, त्यामुळे तुमच्या लेखकाची चूक मी समजू शकतो, मीही पहिल्यांदा तेच समजलो होतो. पण युए फेई हा सेनापती होता, दक्षिण सोंग राजवटीचा. ही "वांग"ची पदवी त्याला मिळाली १२०४ मध्ये, आणि त्याला त्याच्याच दरबाराने तुरुंगात मारलं ते ११४२ च्या जानेवारीत. म्हणजे मारून बासष्ट वर्षांनी राजा केलं. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की मग त्या देवळाकडे बघायची नजरच बदलते, म्हणून म्हणतो की ही फोटोखालची बारीकशी चूक नाही.

थोडक्यात सांगतो. ११०३ चा जन्म, हनान प्रांतात तांगयिन म्हणून गाव आहे तिथला, शेतकऱ्याचा पोरगा. ११२७ मध्ये उत्तरेकडून जुर्चेन लोकांनी (त्यांच्या राज्याचं नाव जिन) सोंगांची राजधानी काइफंग घेतली आणि एक सोडून दोन बादशहा, बाप आणि थोरला मुलगा दोघांनाही, कैद करून उत्तरेला नेलं. एक धाकटा मुलगा निसटला आणि दक्षिणेत येऊन गादीवर बसला, तो गाओझोंग. पुढे त्याने हांगझोऊला राजधानी केली. या पडत्या काळात जे दोन तीन सेनापती खरोखर लढले त्यात युए फेई सगळ्यात वर. त्याच्या सैन्याला लोक युएच्या घरची फौज म्हणायचे, आणि शत्रूकडचेच लोक म्हणायचे म्हणे की डोंगर हलवणं सोपं पण ही फौज हलवणं अवघड. त्याच्या शिस्तीची एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही, गवताची पेंढी बांधायला एका शिपायाने गावकऱ्याकडचा अंबाडीचा एक धागा घेतला, तर त्याने त्या शिपायाचं डोकं उडवलं. आमचा आख्खा जन्म धाग्यात गेला साहेब, एक धागा म्हणजे काय किंमत ते आम्हाला माहितीये, आणि म्हणूनच ते ऐकून अंगावर काटा आला. शिक्षा भयंकरच आहे, मी तिचं कौतुक करत नाही, पण गोरगरिबाच्या घरातून फौज जाते तेव्हा काय काय होतं ते आपल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, शिवाजी महाराजांनी भाजीच्या देठासही हात लावू नका म्हणून ताकीद दिली होती ती आपण शाळेत शिकलोय, तर हे आपल्याला लगेच कळतं. थंडीने मेलो तरी लोकांची घरं मोडायची नाहीत, उपाशी मेलो तरी लुटायचं नाही, हे त्या फौजेचं ब्रीद होतं.

११४० मध्ये यानचंगला त्याने जिनच्या चिलखती घोडदळाला हरवलं. घोडे आणि स्वार दोघेही लोखंडात मढवलेले, तर याने पायदळाला कुऱ्हाडी आणि लांब दांड्याची पाती देऊन सांगितलं, वर बघू नका, घोड्याचे पाय तोडा. तिथून जुनी राजधानी काइफंग जवळ होती, आणि नेमका तेव्हाच दरबारातून हुकूम आला, मागे फिर. एका दिवसात बारा सोनेरी पाट्या आल्या असं सांगतात, एकामागून एक, घोडेस्वार धावतोय आणि पाटी येतेय. तो म्हणाला म्हणे की दहा वर्षांची मेहनत एका दिवसात गेली. आणि फिरला. हे मला फार लागतं, की तो फिरला. फौज त्याच्या हातात होती, लोक त्याच्या बाजूने होते, त्याने ठरवलं असतं तर कोण अडवणार होतं.

पुढच्या वर्षी मोठ्या सेनापतींना राजधानीत बोलावून मानाची पदं दिली आणि हातातली फौज काढून घेतली, मग युए फेईला अटक. आरोप बंडाचा. पंतप्रधान होता चिन हुई, त्याला जिनशी तह करायचा होता. हान शिझोंग म्हणून दुसरा म्हातारा सेनापती होता, तो चिडून चिन हुईकडे गेला आणि विचारलं पुरावा काय, तर उत्तर मिळालं तीन अक्षरांचं, "मो शू यू", म्हणजे "असेलही कदाचित". हान म्हणाला या तीन अक्षरांवर जगाची समजूत कशी पटणार. आजही चिनी भाषेत खोट्या बनावट आरोपाला मोशूयू म्हणतात, आमच्या मार्केटमधल्या दुभाषी मुलीने सांगितलं की ऑफिसमध्ये बॉसने उगाच ठपका ठेवला तरी ती हाच शब्द वापरते. नऊशे वर्षांपूर्वीचा अन्याय आणि शब्द अजून चलनात! आपल्याकडे "ध चा मा" जसा राहिलाय अगदी तसा.

चिनी नववर्षाच्या तोंडावर त्याला तुरुंगात मारलं, चाळिशीही गाठली नव्हती. त्याचा मुलगा युए युन, तेविशीतला पोरगा, त्यालाही मारलं. कबुलीजबाब म्हणून कागद पुढे केला तर त्याने आठच अक्षरं लिहिली, आकाश आणि सूर्य लख्ख बघतायत, आकाश आणि सूर्य लख्ख बघतायत, दोनदा. आज मुख्य सभागृहावर जी पाटी आहे, "मन आकाश सूर्यासारखं लख्ख" अशा अर्थाची, ती त्यावरूनच. आणि तह झाला त्यात दर वर्षी अडीच लाख ताएल चांदी (ताएल म्हणजे त्यांचं तोळ्यासारखं वजन) आणि अडीच लाख तागे रेशीम जिनला द्यायचं ठरलं. अडीच लाख तागे, दर वर्षी! मी कापडातला माणूस आहे, मी तो आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा डोळ्यापुढे माग आले, त्या काळात हातमागावर, कुणी विणले असतील ते, किती बायकांनी रात्रभर बसून. आणि वर बादशहाने स्वतःला जिनचा मांडलिक म्हणवून घेतलं.

आता त्या जागेची गोष्ट, जी मला खरी सांगायचीय. मेल्यावर त्याचं प्रेतही घरच्यांना मिळालं नाही. वेई शुन नावाचा तुरुंगातला एक साधा पहारेकरी होता, त्याने रात्री ते पाठीवर घेऊन शहराबाहेर नेलं आणि गुपचूप पुरलं, ओळख राहावी म्हणून वर दोन संत्र्याची झाडं लावली, आणि मरताना मुलाला सांगून गेला की एक दिवस सरकार शोधत येईल तेव्हा सांग, अशी गोष्ट तिथे सांगतात. वीस वर्षांनी, ११६२ मध्ये, नवीन बादशहा गादीवर आला आणि त्याने युए फेईला निर्दोष ठरवून वेस्ट लेकच्या काठी छीशिया टेकडीखाली सन्मानाने पुरलं. देऊळ १२२१ चं. मला विचाराल तर त्या देवळात सगळ्यात आधी त्या पहारेकऱ्याला हात जोडायला पाहिजेत, सेनापती मोठाच, पण हातात काही नसताना, उघडं पडलं तर मुंडकं जाईल हे माहीत असताना त्या माणसाने जे केलं ते करायला काय काळीज लागतं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बरोबर दोन व्यापारी होते, एक आपल्याच भागातला, एक गुजरातचा. तळ्याच्या बाजूचा रस्ता, समोर लाल मोठा दरवाजा, आत अंगण, मग सभागृहात त्याचा बसलेला मोठा पुतळा, साडेचार मीटर उंच, जांभळा झगा, डोक्यावर शिरस्त्राण, एक हात तलवारीवर आणि दुसऱ्याची मूठ वळलेली. वर चार अक्षरं, "आमच्या नद्या आमचे डोंगर परत द्या". मग बाजूच्या दाराने थडग्याकडे जायचं, छोटा पूल, दोन्हीकडे शिलालेखांच्या ओवऱ्या, मग दगडी घोडे वाघ मेंढे आणि दगडी अधिकारी दोन्ही बाजूला उभे, आणि शेवटी गोल मातीचा ढिगारा, दगडाने बांधून घेतलेला, वर गवत. शेजारी मुलाचा छोटा ढिगारा. बापलेक शेजारी शेजारी. सोनं नाही, संगमरवर नाही, काही नाही. आपल्याकडे वढूला संभाजी महाराजांच्या समाधीपाशी उभं राहिल्यावर जसं गप्प व्हायला होतं तसं झालं मला.

आणि त्या थडग्याकडे तोंड करून, कठड्याच्या आत, चार लोखंडी पुतळे गुडघ्यावर. अंग उघडं, हात मागे बांधलेले, मान खाली. चिन हुई, त्याची बायको वांग, मोछी श्ये ज्याने खटला चालवला, आणि झांग जून, हा युए फेईच्या बरोबरीचा सेनापती, त्याने खोटे आरोप रचायला मदत केली. शेजारी पाटी आहे की सभ्यपणे वागा, थुंकू नका. पूर्वी लोक थुंकायचे, चपला मारायचे, काय काय करायचे, आता पाटी आहे तरी एखादा करतोच. आमच्यातल्या एकाने पण हसत हसत थुंकून फोटो काढला. त्याला माहीत पण नव्हतं हे कोण. मला तेव्हा कसंतरीच झालं पण का ते कळलं नाही, ते कळायला मला पुढच्या चार फेऱ्या लागल्या, आणि तुमच्या त्या एका ओळीने मला नेमकं तेच आठवलं.

त्या पुतळ्यांच्या मागे दरवाजाच्या खांबांवर दोन ओळी कोरल्यात. अर्थ असा, हिरव्या डोंगराचं भाग्य की निष्ठावंताची हाडं त्याच्या कुशीत आली, आणि पांढऱ्या लोखंडाचा काय गुन्हा होता की त्यातून हे दगाबाज ओतले. बघा, ज्याने हे लिहिलं त्याने लोखंडाची पण कीव केली! माणसाचा राग आहे पण धातूला दोष नको. इतका नाजूक विचार जिथे कोरलाय तिथे आम्ही थुंकून निघून येतो आणि पेपरात तेवढंच छापतो.

दुसरी एक गोष्ट तिथे सगळे गाइड सांगतात. छिंग राजवटीत चिन दाशी म्हणून एक विद्वान होता, १७५२ च्या सरकारी परीक्षेत देशात पहिला आलेला, आडनाव चिन, म्हणजे त्या चिन हुईचंच. तो थडग्यापाशी आला आणि त्याने दोन ओळी लिहिल्या की सोंग काळापासून लोकांना "हुई" हे नाव ठेवायची लाज वाटते, आणि मला या थडग्यापुढे चिन आडनावाची लाज वाटते. आपण एखाद्याला सूर्याजी पिसाळ म्हटलं की पुढे काही बोलायची गरज राहत नाही, मग रायगडावर खरं काय घडलं यावर अभ्यासक कितीही वाद घालोत. तिकडे तर नाश्त्यातही चिन हुई आहे. सकाळी कछियाओत जी तेलात तळलेली जोड कांडी सोयाबीनच्या दुधात बुडवून खातात, दोन पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या, ती म्हणजे चिन हुई आणि त्याची बायको, दोघांना तेलात तळलंय अशी लोककथा आहे. हांगझोऊत तीच कांडी कांद्याच्या पातीबरोबर पातळ पोळीत गुंडाळून तव्यावर दाबून देतात, त्या पदार्थाच्या नावात तर "हुई" अजून आहे. मी ती कितीतरी वर्षं खात होतो, नंतर कळलं काय खातोय.

पण बायकोबद्दल मला बोलायचंय. वांगबाईबद्दल गोष्ट अशी की नवरा डळमळत होता तेव्हा ती म्हणाली वाघ पकडणं सोपं, सोडणं महाग पडेल. ही लोककथा, कोर्टाचा कागद नाही. पण तेवढ्यावर ती पण शेकडो वर्षं उघड्या अंगाने गुडघ्यावर. साहेब, मला तिथे उभं राहून आनंदीबाई आठवल्या. शनिवारवाड्यात १७७३ ला नारायणराव मारले गेले, रामशास्त्र्यांनी दोष ठेवला राघोबादादांवर, तोंडावर. आणि लोकांच्या तोंडी काय राहिलं तर "ध चा मा", बाईने अक्षर बदललं. दोन देश, दोन काळ, पण घरातली बाई हाताशी सापडली की बरं पडतं असं दिसतं.

आणि आता तो मुद्दा ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. तिथे पुतळे चार आहेत. पाचवा कुठे आहे?

बादशहा गाओझोंग कुठे आहे? हुकूम कुणाच्या सहीने निघाले, बारा पाट्या कुणी पाठवल्या, मांडलिक म्हणून कोण वाकला? युए फेईची चौकशी आधी हो झू नावाच्या अधिकाऱ्याकडे दिली होती. त्याच्यापुढे युए फेईने सदरा फाडून पाठ दाखवली, पाठीवर चार अक्षरं गोंदलेली, "संपूर्ण निष्ठेने देशाची सेवा", कातडीत खोल गेलेली. (आईने गोंदली असं सगळे म्हणतात, ते नंतरच्या गोष्टीतलं.) हो झूने कागद तपासले आणि चिन हुईला जाऊन सांगितलं हा माणूस निर्दोष आहे. चिन हुई काय म्हणाला माहितीये? "ही वरची इच्छा आहे." हे सोंग राजवटीच्या अधिकृत इतिहासात लिहिलंय. हो झू तरी म्हणाला की शत्रू जिवंत असताना विनाकारण मोठा सेनापती मारणं देशाच्या भल्याचं नाही. मग त्याच्याकडून चौकशी काढून घेतली आणि मोछी श्येला दिली. हो झू हा तिथला रामशास्त्री म्हणायला हरकत नाही, त्याचा पुतळा मात्र मला कुठे दिसला नाही.

का पण? तर विचार करा. युए फेई म्हणत होता उत्तर जिंकू. बाप तोपर्यंत कैदेतच वारला होता पण थोरला भाऊ, खरा बादशहा, जिवंत होता. तो परत आला तर गाओझोंगच्या गादीचं काय. शिवाय सोंग घराणं मुळात आलंच असं, ९६० मध्ये एका सेनापतीनेच गादी घेतली होती, त्यामुळे लोकप्रिय सेनापतीची भीती त्यांच्या रक्तातच. वर युए फेई सरळ बोलणारा, ११३७ मध्ये त्याने बादशहाला वारस ठरवा म्हणून सांगितलं, ज्याला स्वतःचा मुलगा नव्हता त्याला, ते झोंबलं असणार. आणि गंमत नाही, वाईट वाटतं सांगायला, ११६२ मध्ये जेव्हा युए फेईला निर्दोष ठरवलं तेव्हा गाओझोंग मेला नव्हता, तो गादी सोडून निवृत्त झाला होता आणि त्याच हांगझोऊत पुढे पंचवीस वर्षं जगला. त्याचा दत्तक मुलगा बादशहा. मग बापाचं नाव कसं घेणार? चिन हुई ११५५ मध्येच वारला होता, सगळं त्याच्यावर गेलं. चिन हुई निर्दोष होता असं मी अजिबात म्हणत नाही, तो दोषीच, पण एकटा नाही.

आणि हे आजच्या माणसाने काढलेलं शहाणपण नाही बरं का. त्या शिलालेखांच्या ओवरीत एक दगड आहे, मिंग काळातला मोठा कवी आणि चित्रकार वेन झेंगमिंग याच्या कवितेचा, तो वारला १५५९ मध्ये. त्याने एक जुना फुटका दगड पुसून वाचला, त्यावर गाओझोंगने युए फेईला लिहिलेलं कौतुकाचं पत्र होतं. म्हणजे आधी स्वतःच्या हाताने कौतुक आणि नंतर हे. त्यावर त्याने कविता केली आणि शेवटी सरळ म्हटलं की एकट्या हुईची काय ताकद होती, त्याने फक्त मालकाची इच्छा ओळखली. राजेशाहीत बसून लिहिलं हे! आणि ते त्याच देवळात दगडावर आहे. पण लोक तिथे थांबत नाहीत, सगळे पुतळ्यांकडे जातात. दुभाषी मुलीने मला तो दगड वाचून दाखवला तेव्हा आजूबाजूला आम्ही दोघंच होतो, पलीकडे पुतळ्यांपाशी पन्नास माणसं.

तेव्हा मला कळलं की मला पहिल्या वेळी कसंतरी का झालं होतं. थुंकणं सोपं आहे. लोखंड उलटून बोलत नाही.

पुतळ्यांचाही इतिहास आहे. पहिले तीन १५१३ मध्ये, चौथा झांग जूनचा नंतर. अनेकदा फुटले, परत ओतले. देवळाची आजची मांडणी १७१५ ची, म्हणजे मांचू राजवटीतली, आणि मांचू म्हणजे त्याच जुर्चेनांचे वंशज, ज्यांच्याशी युए फेई लढला, हे मला फार मोठं वाटतं. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीत रेड गार्ड्सनी सगळंच फोडलं, पुतळे आणि थडगं दोन्ही, आज आपण बघतो ते १९७९ मध्ये नव्याने उभं केलेलं. २००५ मध्ये शांघायच्या एका कलाकाराने चिन हुई आणि त्याच्या बायकोचे उभे पुतळे केले, की ४९२ वर्षं गुडघ्यावर बसलेत आता थोडी विश्रांती द्या, तर केवढा गदारोळ झाला. माझं मत विचाराल तर त्यांना उठवायचं की नाही हा चिनी लोकांचा प्रश्न आहे, आपण बाहेरच्यांनी त्यात पडू नये, पण निदान थुंकायला तरी जाऊ नये.

आणखी एक सांगतो मग संपवतो. ज्या शाओशिंगला मी जातो ते नावच गाओझोंगचं आहे, म्हणजे त्याने आपल्या राज्यकाळाला जे नाव दिलं होतं तेच ११३१ मध्ये त्या शहराला दिलं. तो तह पण शाओशिंगचा तह म्हणूनच ओळखला जातो. आणि सोंग बादशहांची सहा थडगी शहराच्या बाहेर आहेत, त्यात गाओझोंगचं एक. गेल्या खेपेला एक दिवस मोकळा मिळाला तर मी टॅक्सी करून तिकडे गेलो. मंगोल राजवटीत ती सगळी थडगी खणून लुटली गेली, हाडंसुद्धा बाहेर काढली. आता तिथे जुनी पाइनची झाडं आणि चहाची झुडपं, पुरातत्त्ववाल्यांचं काम. टॅक्सीवाल्याला मी गाओझोंगचं थडगं नेमकं कुठलं म्हणून विचारलं तर त्याने हात गोल फिरवून सगळ्या मळ्याकडे दाखवलं. पुतळा नाही, थुंकायला नाही की हात जोडायला नाही. मी तिथे अर्धा तास उभा होतो, एकही माणूस आला नाही.

तर माझी विनंती दोनच. एक, पुढच्या रविवारी त्या फोटोची ओळ दुरुस्त करा, "युए राजा" नाही, "सेनापती युए फेई यांचं स्मृतिमंदिर आणि समाधी". आणि दुसरं, चीनमधल्या अशा जागांवर नीट कुणाकडून तरी लिहून घ्या. २०२३ च्या एशियन गेम्समुळे हांगझोऊ हे नाव आपल्या घराघरात पोचलं, आपल्या बीडच्या अविनाश साबळेने, नागपूरच्या ओजस देवतळेने, साताऱ्याच्या अदिती स्वामीने तिथे पदकं घेतली. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची समाधी चीनमध्ये शिजियाझुआंगला आहे आणि तिथले लोक ती आपुलकीने सांभाळतात. विमानं परत सुरू झालीत, इचलकरंजी भिवंडीचे लोक परत जायला लागलेत, टूरवाले तर जातीलच. जे जातील त्यांना एवढंच सांगा की पुतळ्यांपाशी कमी थांबा, आत शिरल्यावर थडग्याच्या आधी जी ओवरी लागते तिथे वेन झेंगमिंगचा दगड कुठला ते विचारून घ्या, आणि बरोबरच्या दुभाष्याला तो पूर्ण वाचायला लावा, घाई करू नका.

आपला,
एक जुना वाचक, इचलकरंजी